निळा ठिपका

पणतीचं बारसं लेकीच्या गावी होतं, गडचिरोलीकडल्या जंगलात. माझी पिशवी भरून तयार होती, त्यात इतवारीच्या बाजारातून मी स्वतः पसंत करून आणलेलं झबलं. चौथीपर्यंतच शिकलो, पण मला कुठं जाऊ नका म्हणणारा आजवर कोणी भेटला नव्हता.

नातीनं म्हटलं. ती कॉलेजात गणित शिकते आणि मनीषनगरच्या आमच्या घरात दिवसभर लॅपटॉपवर मलेरिया मांडून बसते.

त्याच गावाहून मागे मी ताप घेऊन आलो होतो. रक्तात दोन जातींचे मलेरिया निघाले.

“मलेरियातबी जाती?” मी म्हटलं होतं. “माणसाच्या पुरल्या नाही का वं?”

ताप उतरला. डॉक्टरनं लिव्हरसाठी दिलेल्या गोळ्या राहिल्या होत्या, त्या मी सगळ्यांदेखत अर्ध्यात सोडल्या. ताप नाही तर गोळी काहून खायची?

बारशाच्या आदल्या दिवशी नातीनं मला लॅपटॉपपुढे बसवलं. पडद्यावर एक गाव होतं. लाल ठिपके वाईट जातीच्या मलेरियाचे, निळे दुसऱ्या जातीच्या.

“आता लालवर औषध देऊन राहिली मी. पाहा.”

लाल ठिपके विझत गेले. मी खूश झालो. मग एका घरात एक निळा ठिपका उगवला आणि पाहता पाहता शेजारची घरं निळी झाली.

“हे कोठून आलं वं? तिथं तर काहीच नव्हतं.”

“होतं, आबाजी. लिव्हरमध्ये झोपलं होतं. लाल होता तवर निळा दबून होता. लाल गेला, निळा उठला. मग मच्छर त्या माणसाले चावला, अन् दुसऱ्याले चावला.”

“कोणाचं घर हाय ते?”

“घर कोणाचंबी असो. गोळ्या अर्ध्यात सोडणारा पाहुणा हाय तिथं.”

लेकीचं गाव तापाचं, तिथं गेलं की ताप घेऊनच परतायचं, असं मी जन्मभर चारचौघांत सांगत आलो. आपण तो तिथं घेऊन जाऊ, हे माझ्या डोक्यात कधी शिरलंच नव्हतं.

“कम्प्युटरातलं गाव हाय ते,” मी म्हटलं. “खोटं.”

“गाव खोटं हाय. तुम्ही खरे आहात न आबाजी.”

सकाळी पोरानं गाडी काढली. मी पिशवीतून माझं धोतर, टोपी काढून घेतली, झबलं तेवढं राहू दिलं आणि पिशवी नातीच्या हातात दिली.

“माह्या जागी तू जाय. अन् तो गोळ्यावाला डॉक्टर किती वाजता बसते, ते सांगून जाय.”