आमच्या वॉर्डातली व्हिजिट फी

दवाखान्यातले किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. मूल ॲडमिट झालं की आई टॉवेल, डबे आणि रिपोर्टांबरोबर चार किस्सेही पिशवीत कोंबून घरी येते. माझ्याकडे सहा दिवसांचे आहेत. आम्ही आष्ट्याचे, हॉस्पिटल सांगलीतलं, लहान मुलांचं, लेक इरा, वय सहा, आणि न्यूमोनिया.

पहिल्या रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. इराच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क, ही काळजी तर होतीच. पण तिच्या मागोमाग दुसरी आली, लाज वाटावी अशी: डॉक्टर मॅडम येऊन गेल्या की दर वेळी व्हिजिट लागते का? एम.एस्सी. झालेली बाई मी, आणि लेकीचे श्वास मोजता मोजता मॅडमच्या फेऱ्या मोजत होते!

*

खरं तर सुरुवात काउंटरवरच झाली होती.

"जनरल की स्पेशल?" काउंटरमागच्या काकांनी विचारलं. "स्पेशलला मॅडमची व्हिजिट दुप्पट."

"का? तिथं दुसऱ्या मॅडम असतात?"

"त्याच."

"मग जास्त वेळ बघतात?"

"तेवढाच."

"मग दुप्पट कशाची?"

काका समजुतीने म्हणाले, "ताई, तिथं एसी आहे ना!"

नवरा शिरवळच्या कंपनीतून निघाला होता, रस्त्यात होता. मी एकटीनेच "जनरल" म्हटलं आणि लगेच वाटलं, आपण वाईट आई आहोत. मॅडम आल्या, खाट बघून म्हणाल्या, "बरं केलंत. इथं सिस्टर समोरच बसतात."

तेवढ्यावर मी दोन तास चांगली आई होते.

*

शेजारच्या खाटेवर आटपाडीकडची एक आजी होती, नातवाला घेऊन. घरी पन्नासेक शेळ्या-मेंढ्या. व्हिजिटचे पैसे लागतात हे तिला कळलं, आणि दुसऱ्या दिवशी राउंडच्या आधी तिने स्टूल पदराने पुसून ठेवलं.

"आवं डाक्टरबाय, बसा की! उभ्या उभ्या आला नि गेला, तर फी कशाची वो?"

सिस्टर दचकल्या. मला तर खाटेखाली जावंसं वाटलं. मॅडम मात्र खरंच बसल्या. नातवाच्या छातीकडे बघत, घड्याळ धरून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजले. मग आजीला म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं. हे बसूनच करायचं असतं. घाईत राहून जातं."

"आजारी शेळीबी उभ्यानं कळत न्हाई," आजी म्हणाली. "तिच्यापाशी बसावंच लागतंय."

त्या दिवसापासून स्टूल प्रत्येक खाटेशी फिरायला लागलं. एवढं शिकलेल्या बाईने एवढ्या सहज ऐकावं! मी बघतच राहिले.

*

मी मात्र शहाणी. एकही व्हिजिट वाया जाऊ नये म्हणून प्रश्न साठवायला लागले. तिसऱ्या दिवशी सकाळपासून वहीत अकरा जमले. दुपारी मॅडम आल्यावर वही पुढे केली.

भाताला तूप चालेल का, केस पुसून काढू का, असं वाचत वाचत त्या आठव्या प्रश्नावर थांबल्या. "श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडतो, चालतं का?"

पुढचे तीन प्रश्न त्यांनी वाचलेच नाहीत. इराचा फ्रॉक वर केला, सिस्टरना हाक मारली, ऑक्सिजन वाढवला, सलाइनमधून नवं औषध सुरू केलं.

"हे कधीपासून?"

"सकाळपासून."

"मग सकाळीच का नाही बोलावलंत?"

आजीने माझ्या वतीने सांगून टाकलं, "फी वाचवत हुती!"

मॅडम रागावल्या नाहीत. वही परत देत एवढंच म्हणाल्या, "पुढच्या वेळी आठवा प्रश्न पहिला."

त्या दिवशी त्या पाच वेळा आल्या. हो, मोजल्या मी.

*

स्पेशल रूममध्ये विट्याचे एक शेट होते. कोइमतूरला सोनं गाळायचं दुकान. धाकटी मुलगी ॲडमिट. एसीत करमत नाही म्हणून आमच्या वॉर्डात येऊन बसायचे. माझ्या हातातलं कच्चं बिल त्यांनी दागिना पारखावा तसं लांब धरून वाचलं. खाट, नर्सिंग, ऑक्सिजन, मॉनिटर, औषधं... आणि तळाला एका ओळीत मॅडम.

"आमच्यागतच हाय की वो!" ते म्हणाले. "भट्टीचा खर्च मोठा, पारखणाऱ्याची मजुरी बारकी. पण डोळा चांगला असला, तर भट्टी कमी पेटवावी लागती बगा."

बिल कळलं त्यांना, आणि एम.एस्सी. म्हणे माझी!

*

पाचव्या दिवशी पावणेबाराला मॅडम जिना चढून धापा टाकत आल्या. आजीच्या नातवाच्या डिस्चार्जवर उभ्यानेच सही केली.

"आजी, बाराच्या आत निघा. नाहीतर आजच्या खाटेचं भाडं लागेल."

"आन् तुमची फी?"

"ती पण लागेल. म्हणून तर निघा!"

खाट भरलेली असेल तोवरच जिची फी चालू, तीच बाई खाट रिकामी करायला धावत होती! आजीने स्टुलाला हात लावून नमस्कार केला आणि नातवाला कडेवर घेऊन निघाली.

*

सहाव्या दिवशी आमचा नंबर. इराचा मास्क निघालेला, खाटेवर पाय हलवत बिस्किट खात होती. पक्कं बिल हातात आलं. तिसऱ्या दिवसापुढे लिहिलेलं: व्हिजिट, एक.

मी गप्प बसू शकले असते. बसलेही, अर्धं मिनिट. मग मॅडम समोर आल्यावर राहवेना.

"मॅडम, त्या दिवशी तुम्ही पाच वेळा आला होता. इथं एकच धरलीय."

त्यांनी इराच्या छातीवरचा स्टेथोस्कोप काढला.

"एकदा डॉक्टर म्हणून आले. चार वेळा घाबरून आले. घाबरून आल्याचे पैसे नाही घेत मी."

इराने बिस्किट खाली ठेवलं आणि मॅडमना विचारलं,

"मग आई तर सगळेच दिवस घाबरलेली होती. तिचे का घेतले?"