वाजवणाऱ्याचा ड्रम

एक हॉटेलवाला तो जुना ड्रमसेट शोभेला भिंतीवर टांगणार आहे, हे ऐकलं आणि माझं डोकंच फिरलं. "भिंतीवर? ती काय हरणाची शिंगं आहेत?" असं मी ड्रमच्या मालकांनाच फाडकन विचारलं. ते काका ऐंशीच्या घरातले. गणपतीत सोलापुरात गल्लोगल्ली ऑर्केस्ट्रा व्हायचे, त्या काळातले नावाजलेले ड्रमवाले. परकर-पोलक्याच्या वयात मी स्टेजला अगदी चिकटून बसायचे ती गाण्यासाठी नव्हे. सगळे गाणाऱ्या बाईकडे बघायचे, मी काकांच्या मनगटांकडे. मला ड्रम शिकायचाय असं घरी बोलले, तर सगळे असे काही हसले की पुन्हा तो विषय काढायची माझी छाती झाली नाही.

आता पन्नाशी उलटली. लेक नोकरीसाठी बाहेरगावी, तिची खोली रिकामी. काकांचे हात थरथरायला लागलेत आणि ते सेट देऊन टाकणार आहेत, असं कानावर आलं म्हणून मी सात रस्त्याजवळच्या त्यांच्या घरी गेले होते.

"तुला वाजवता येतं का?" काकांनी विचारलं.

"नाही."

"मग हरणाची शिंगंच झाली की!"

"शिकीन," मी म्हटलं. आवाज जरा चढलाच माझा.

काकांनी काठ्या माझ्या हातात दिल्या. मग म्हणाले, "घेऊन जा. दसऱ्याला तुझ्या घरी येतो. एक ठेका धरायचा, मी थांब म्हणेपर्यंत सुटला नाही पाहिजे. सुटला तर सेट हॉटेलात जाईल. तवर त्या मालकाला मी थोपवतो."

टेम्पोतून सेट घरी आला. लाल रंगाचा, आत चांदीची चमक, एका बाजूनं उन्हानं विटलेला. पायानं वाजवायचा मोठा ड्रम, दोन मधले, स्टँडवरच्या झांजा आणि खाली तारा ताणलेला तो कडक आवाजाचा साइड ड्रम. आमचे हे दारात उभे राहून म्हणाले, "आता स्वयंपाक तालात होणार म्हणायचं."

"होणारच नाही," मी म्हटलं.

आधी महिनाभर नुसती सेवाच चालली होती. गंजलेल्या स्क्रूंना शिलाई मशीनचं तेल घातलं, एकेक कळ मोकळी केली. झांजा काळवंडलेल्या, म्हणून देवाच्या भांड्यांना घालते तशी चिंच भिजत घातली. नशीब, आधी काकांना फोन केला! ते असे ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. जुन्या झांजेचा रंग घासला की तिचा आवाज जातो म्हणे. ती चिंच आमटीत गेली. मोठा ड्रम फारच घुमायचा, तर त्याच्या पोटात एक जुनी चादर घडी करून कोंबली. सोलापुरात चादरीला काय तोटा?

वाजवणं मात्र, कपाळ माझं! उजवा हात नीट चालला की पाय रुसायचा, पाय चालला की डावा हात हवेत. मोबाइलवर शिकवणारा तो पोरगा हसत हसत म्हणायचा, "सोपं आहे." त्याला समोर धरून दोन लावून द्याव्यात असं वाटायचं. पण गणपती उठले तसा पाय वळणावर आला. ठेका बसायला लागला आणि मी खोलीत एकटीच खुळ्यासारखी हसायला लागले.

पितृपंधरवड्यात वळसंगहून धाकटा भाऊ आला. शेती करतो, आणि गावच्या जत्रेत हलगी वाजवणारा त्याच्यासारखा दुसरा नाही. त्या दिवशी रिपरिप चालली होती. त्यानं साइड ड्रमवर टिचकी मारली, तोंड वाकडं केलं.

"अक्का, लई सैल बोलतंय की गं हे. हवा वली हाय. शेकाया पायजे."

हलगीचं कातडं सैल पडलं की आमच्याकडे जाळावर शेकतात, मग ती खणखणते. लहानपणापासून बघितलेलं, त्यामुळे मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. पाऊस जरा उघडला तसा अंगणात तुरकाट्यांचा जाळ केला. त्यानं ड्रम सवयीनं जाळावर धरून फिरवला. वास आला. बघतो तर पांढराशुभ्र पडदा सुरकुतला आणि मधोमध भोक पडलं. ते कातडं नव्हतंच, प्लॅस्टिक होतं!

मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. "हलगी नि ड्रम यातला फरक कळत नाही, मोठा आला वाजवणारा!" हे त्यातलं सगळ्यात सौम्य. तो खाली मान घालून एसटीला गेला. मी वाद्यांच्या दुकानांत हिंडले. सेट इतका जुना की आजच्या मापाचा एकही पडदा त्यावर बसेना. दसरा तोंडावर. रात्री मी रडले, अगदी हमसून. मला हॉटेलातली ती भिंत दिसायला लागली होती.

पुढच्याच आठवड्यात भाऊ दारात हजर, हातात भिजवलेलं शेळीचं कातडं. "बोलू नको आता," म्हणाला, "कडं कुटं हाय ते दाव." जळक्या पडद्याचं कडं शाबूत होतं. त्याच्यावर त्यानं ओलं कातडं चहूबाजूंनी वळवून बसवलं, ड्रमवर चढवलं आणि सावलीत वाळत ठेवलं. वाळल्यावर मी पहिली काठी मारली. असा टणत्कार निघाला की आमचे हे आतून पळत आले. मी भावाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि जेवायला पुरणाच्या पोळ्या केल्या.

दसऱ्याला रिक्षातून काका आले. खुर्चीवर टेकायच्या आधीच त्यांची नजर साइड ड्रमवर गेली.

"पडदा कुणी बदलला?"

मी सगळं सांगून टाकलं, जाळासकट. काकांनी थरथरता हात कातड्यावरून फिरवला. "मी घेतला तवा ह्याच्यावर कातडंच होतं," ते हळूच म्हणाले. "प्लॅस्टिक नंतर आलं. वाजव."

मी ठेका धरला. सुरुवातीला मोजत मोजत वाजवलं. मग पाय रुळला, झांज बोलायला लागली, साइड ड्रम खडखडीत उत्तर देत होता. काका डोळे मिटून बसलेले. थांब म्हणेनात. मनगट भरून आलं, घाम डोळ्यांत उतरला, एकदा डावा हात निसटता निसटता राहिला. सोडणार नाही, मेले तरी सोडणार नाही, असं मी मनात घोकत होते.

काकांनी खिशातून फोन काढला, नंबर लावला आणि फोन ड्रमसमोर धरला. मग कानाला लावून ओरडले, "ऐकलं का मालक? ड्रमला वाजवणारी मिळाली. तुमची भिंत तुमच्यापाशी!"

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. डोळे भरले होते त्यांचे, आणि माझेही.

"आता माझ्याकडं काय बघतीस?" ते म्हणाले. "ड्रम तुझा. तुला वाटेल तेव्हा थांब."

मी इतक्यात थांबणार नव्हते.