टपालकचेरीतला ढावलो

आमच्या गावच्या टपालकचेरीला इंग्रजांच्या काळातल्या दगडी भिंती आहेत आणि आवाज घुमेल असं उंच कौलारू छत. दिवसभर तिथं शिक्के आपटतात. शनिवारी संध्याकाळी खिडक्या बंद झाल्या की बाकं फिरवून तिथंच भजनं, कविता, गाणी चालतात. त्या शनिवारी मी आईला तांड्यावरून जवळजवळ उचलूनच आणलं होतं. नवरीला निरोप देताना आम्हा बंजाऱ्यांच्या बाया रडत रडत गातात, तो ढावलो. आमच्या तांड्यात तो पुरा येणारी आता आईच उरली होती. माझ्या कॉलेजातल्या लेकीनं तर तो कधी ऐकलाच नव्हता. तिच्या कानावर तो एकदा तरी पडावा, एवढाच माझा हट्ट होता.

आई माइकसमोर उभी राहिली आणि गप्पच. लोक चुळबुळायला लागले. मी पार्सलच्या काट्यामागून डोळे वटारले, हातवारे केले. तिच्यावर कसला परिणाम!

शेवटी ती माइकच्या दांड्याकडे बोट दाखवत वैतागून म्हणाली, "याच्या गळ्यात पडून रडू का मी? खांबासमोर उभं राहून ढावलो नाई येत. कोनी गळ्याशी पायजे."

लोक हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"इकडं ये वं," ती मलाच म्हणाली. "तुया लग्नात तुमी बँड लावला. मले तुया गळ्यात पडून रडूच देल्लं नाई."

खरं होतं ते. वऱ्हाडाला घाई होती, बँड थांबेना, आणि आई मांडवाच्या दारातच राहिली होती.

मी पुढे गेले. तिनं माझी मान कवळली, कपाळ खांद्यावर टेकवलं आणि सूर लावला. काय तो आवाज! छतापर्यंत चढायचा आणि वरून आमच्यावरच उतरायचा. केस पिकायला लागलेली मी कसली नवरी, पण हमसून हमसून रडले. ढावलोत नवरीनंही गायचं असतं. मला नुसतं "याडी, याडी" एवढंच जमलं. आमच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

समोरच्या बाया डोळ्यांना पदर लावत होत्या. लेक बाकावरून उठून आली. हातातल्या मोबाइलवरचं रेकॉर्डिंग बंद करायचंही तिला सुचलं नव्हतं.

"नानी, मला शिकव हे," ती म्हणाली. "माझ्या लग्नात बँड नको."

आईनं नाक पुसलं. "शिकवतो ना. पयले गळ्यात तं पड."

लेकीनं मला सरळ बाजूला सारलं.