दादाच्या नावानं हजर

शाळेत मी पहिल्यांदा गेलो तो मेलेल्या पोराचं नाव घेऊन. हसू नका, खरं तेच सांगतो.

ते दिवस कापसाच्या तेजीचे. सातासमुद्रापलीकडे कुठं लढाई पेटली नि आमच्या वलगावच्या कापसाला सोन्याचा भाव आला. घरात कापूस, देवळाच्या ओसरीत कापूस. शाळेची पडवीसुद्धा एका व्यापाऱ्यानं भरून टाकली, तेव्हा पंतोजी पोरांना घेऊन त्याच्याच वखारीत जाऊन बसले.

त्याच सुमाराला बडनेऱ्याकडे आगगाडीचे रूळ येत होते. अकोल्याच्या वाटेवर नदीवर पूल बांधणं चालू होतं. पोराचा बळी घेतल्याशिवाय पूल उभा राहत नाही, असं बाया विहिरीवर बोलायच्या. म्हणे शाळेची हजेरी सायबाकडे जाते, नि तिथून नावं पुलाकडे! माझी माय तशी शहाणी बाई. पण माझ्या आधीचा पोरगा तिनं घालवला होता, पाच वर्षांचा, खोकून खोकून गेलेला. आता मी पाच वर्षांचा. मला शाळेत घालायचा हट्ट बाप काही सोडेना, तेव्हा पंतोजींना तिनं त्या गेलेल्या दादाचंच नाव सांगितलं. पंतोजी नवे, पुण्याकडचे. त्यांना काय ठाऊक?

"गेलेल्याले कोन नेते?" ती मला म्हणाली. "पूल होऊ दे, मंग तुयं नाव सांगू."

पोरं चार दिवस फिदीफिदी हसली, मग विसरली. मी नाही विसरलो. त्या नावाला 'हजर' म्हणताना दर वेळी अंगावर काटा यायचा.

वखारीत तीन बाजूंनी आढ्यापर्यंत कापूस, मधे आम्ही धूळपाट्या घेऊन बसलेले. पंधरा पोरं ओनामा ओरडायची, तरी आवाज जागच्या जागी मरायचा. माझी जागा शेवटी, पाठ कापसाला टेकलेली. पाठीला तो उबदार लागायचा. ते मला मुळीच आवडत नसे.

मी मुळातला हट्टी. एक दिवस ठरवलं, मेलो तर मेलो, त्या नावाला ओ द्यायची नाही. पंतोजींनी दादाचं नाव पुकारलं. मी ओठ गच्च मिटले.

"हजर."

माझ्या मागून आलं. बारीक, स्वच्छ, लहान पोराच्या आवाजात. पंतोजींनी मान वर न करता हजेरीत खूण केली नि पुढचं नाव घेतलं. मागे पाहिलं तर नुसता कापूस. शेजारचा पोरगा माझ्या मिटलेल्या तोंडाकडे बघत होता. बघता बघता तो रडायला लागला.

मी धूम ठोकली ती थेट घरी. माय रेच्यावर कापसातली सरकी काढत बसली होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. वाटलं, आता पोटाशी धरेल, मीठ-मोहरी ओवाळेल. तिचा हात तेवढा थांबला.

"खोकत होता काय रे थो?"

"नाही," मी म्हटलं. खरंच खोकत नव्हता.

"चांगलं झालं बाप्पा," ती म्हणाली नि पदर तोंडाशी घेऊन कितीतरी वेळ रडली. मला राग आला. भ्यालो होतो मी, आणि विचारपूस त्याची!

दुसऱ्या दिवसापासून माय फडक्यात दोन भाकरी बांधायची. नि संध्याकाळी एकच प्रश्न, "आला होता?" मी म्हणायचो, "आला होता." खोटं बोलत होतो. आता नाव पुकारताच मीच मोठ्यानं 'हजर' ओरडायचो, दुसऱ्या कुणाला सवडच ठेवत नसे. दुसरी भाकर कापसाच्या ढिगाशी ठेवायचो. सकाळी ती तिथं नसायची. उंदीर असतील.

पुढं पूल झाला. बडनेऱ्याला गाडी आली तेव्हा अख्खं गाव पाहायला लोटलं. परतताना मी मायचा पदर धरला.

"माय, पूल झाला. कोनाले नेलं नाही. उद्या मायं नाव सांग."

तिनं पदर सोडवून माझा हात धरला.

"सांगतो ना बाप्पा," ती म्हणाली. "पन मंग त्याले हाक कोन मारन?"

दुसऱ्या दिवशी पंतोजींनी दादाचं नाव पुकारलं. मी जरा थांबलो, त्याला सवड दिली. मग म्हटलं, हजर.