मांडीवरचं स्टेअरिंग

नामदेव गेल्याची बातमी मला खोटी मिळाली. म्हणजे तो गेला हे खरं होतं, पण तो कसा गेला म्हणून जे सांगण्यात आलं ते साफ खोटं होतं. सांगणाऱ्याच्या आवाजात इतकी खात्री होती की आज सात आठवड्यांनीही तो आवाज आठवला की माझं डोकं तापतं. रविवारची सकाळ होती आणि मी अंगणात झाडांना पाणी देत होतो. मागच्या गल्लीतल्या एका ओळखीच्या गृहस्थांचा फोन आला. म्हणाले, "गुर्जी, नामदेवभाऊ गेले. पवनारच्या रस्त्यानं स्टेअरिंग निघून हातात आलं त्यायच्या." मी विचारलं, गाडी कुठं आदळली? ते काही माहीत नाही म्हणाले. कुणाला लागलं का? तेही माहीत नव्हतं. स्टेअरिंग निघालं एवढं मात्र त्यांना पक्कं माहीत होतं. मी पोचेपर्यंत ते अर्ध्या वर्ध्याला माहीत झालं होतं.

आता खरं काय ते ऐका. गाडी धाम नदीच्या पुलाच्या अलीकडे, रस्ता सोडून एका कडुलिंबाखाली सरळ उभी होती. इंजिन बंद होतं, गिअर न्यूट्रलमध्ये होता, हँडब्रेक ओढलेला होता आणि किल्ली नामदेवच्या शर्टाच्या खिशात होती. तो सीटला मान टेकून बसला होता आणि स्टेअरिंग त्याच्या मांडीवर होतं. दूध घेऊन जाणाऱ्या एका माणसाला वाटलं, झोपले असतील. परत येतानाही तसेच दिसले, तेव्हा त्यानं काच वाजवली. दवाखान्यात डॉक्टरांनी हृदयविकाराचा झटका सांगितला. गाडीवर एक ओरखडा नव्हता. मी स्वतः चारी बाजूंनी फिरून, वाकून पाहिलं आहे. मला कुणीतरी समजावून सांगा, कुठल्या गाडीचं स्टेअरिंग निघून आलं की ती गाडी शहाण्यासारखी कडेला जाते, स्वतःचा हँडब्रेक ओढते आणि किल्ली काढून मालकाच्या खिशात ठेवते?

नामदेवच्या गाडीला शर्यतीच्या गाडीचं स्टेअरिंग होतं. ते काढता येतं. मागची कडी ओढली की ते सुटून हातात येतं, कारण शर्यतीच्या गाडीत चालकाला आत-बाहेर करायला जागाच नसते. गाडी थांबली की नामदेव किल्ली खिशात टाकायचा, स्टेअरिंग काढून मांडीवर घ्यायचा आणि मग दोन मिनिटं नुसता बसून राहायचा. चहाच्या टपरीसमोर, लग्नाच्या मांडवाबाहेर, माझ्या दारात, सगळीकडे. गेली बारा-तेरा वर्षं सगळ्या गावानं हे पाहिलेलं आहे. त्या दिवशी छातीत कळ आली असणार, त्यानं गाडी बाजूला घेतली, नीट उभी केली आणि रोजच्या सवयीनं स्टेअरिंग काढलं. मरतानाही त्यानं रस्त्यावरच्या कुणाला धक्का लागू दिला नाही, आणि लोकांनी त्याच्यावर कसला ठपका ठेवला, तर स्टेअरिंग निघाल्याचा.

आम्ही दोघे आष्टीचे. शाळेत एका बाकावर होतो. मी पुढे शिकून मास्तर झालो आणि तो दहावीनंतर काकाच्या ट्रॅक्टरवर बसला. तो सांगायचा की नांगरट करताना जमिनीत दगड आहे की मूळ आहे हे त्याला आधी हातात कळायचं, मग मागे वळून दिसायचं. वर्ध्याला आला, एका गॅरेजात आठ वर्षं काढली आणि मग सावंगीच्या रस्त्यावर स्वतःची पाटी लावली. हिवरे स्टेअरिंग वर्क्स. इंजिनाला तो हात लावत नसे. गाडी एका बाजूला ओढते, स्टेअरिंग थरथरतं, वळणावरून परत येत नाही, एवढंच त्याचं राज्य. काम झालं की मालकाला शेजारी बसवून तो गाडी रस्त्यावर न्यायचा, वळण अर्धं झालं की हात सैल सोडायचा आणि स्टेअरिंग आपणहून सरळ येतं का ते पाहायचा. नाही आलं, तर मालक कितीही घाईत असला तरी गाडी परत गॅरेजातल्या दुरुस्तीच्या खड्ड्यावर चढायची. एका पोलीस साहेबांनासुद्धा त्यानं असं तासभर बसवून ठेवल्याचं मी पाहिलं आहे.

शर्यतीचं वेड त्याला पन्नाशीच्या जवळ लागलं. नागपूरकडच्या एकानं मैदानावरच्या शर्यतीची गाडी दुरुस्तीला आणली होती, ती नामदेवनं एकदा चालवली आणि बिघडला. स्वतःच्या जुन्या छोट्या गाडीला त्यानं एकेक भाग बसवत नेला. या टोकापासून त्या टोकापर्यंत जे स्टेअरिंग साडेतीन वेळा फिरवावं लागे ते सव्वादोन फेऱ्यांत फिरू लागलं. मधले रबराचे तुकडे काढून त्यानं धातूचे घातले, म्हणजे चाकाखालची बारीक खडीही बोटांना कळू लागली. सांधे बसवले ते उघडे, रबरी टोपी नसलेले. वर्षातून दोनदा ती गाडी मैदानावर जायची आणि बाकी दिवस तीच गाडी भाजी आणायची, कारण दुसरी गाडी ठेवायची ऐपत नव्हती. या सगळ्याची किंमत काय मोजावी लागते हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. जागेवर गाडी वळवायची तर खांदे भरून यायचे. नागपूरच्या मोठ्या रस्त्यावर शिंक आली तरी गाडी पट्टा सोडायची. आमच्या काळ्या मातीची धूळ त्या उघड्या सांध्यांत शिरायची, म्हणून दर शनिवारी संध्याकाळी ते खोलून पुसायचे आणि ढिले झाले असले तर बदलायचे. हॉर्नसुद्धा गेला होता, त्यासाठी घराच्या घंटीचं बटण डॅशबोर्डवर लावलं होतं. कायद्यातही हे बसत नव्हतं, तेही सांगून टाकतो. गाडी तपासणीला न्यायची असली की तो दोन दिवस खपून मूळचे भाग परत बसवायचा आणि शिक्का मिळाला की पुन्हा काढायचा. यावरून मी त्याला पुष्कळ बोललो आहे. तो मान खाली घालून ऐकायचा आणि करायचा तेच करायचा.

पण दुसऱ्याच्या गाडीला यातला एक भाग त्यानं कधी लावला नाही. सावंगीला डॉक्टरकी शिकायला आलेली पोरं वडिलांच्या नव्याकोऱ्या गाड्या घेऊन यायची आणि मोबाइलमध्ये चित्रं दाखवून असंच हवं म्हणायची. नामदेव वाद घालत नसे. स्वतःच्या गाडीत स्टेअरिंग अडकवायचा, दोनदा जोरात आपल्याकडे ओढून पाहायचा, किल्ली पोराच्या हातात द्यायचा, शेजारी बसायचा आणि म्हणायचा, आधी पवनार करून येऊ, मग बोलू. मलाही त्यानं एकदा हे पवनार करायला लावलं होतं, संध्याकाळपर्यंत माझ्या बोटांना मुंग्या होत्या. बहुतेक पोरं परत आली की गुपचूप पाणी पिऊन जायची. एकजण मात्र अडून बसला, त्याला ते छोटं स्टेअरिंगच हवं होतं. नामदेवनं त्याच्या गाडीच्या स्टेअरिंगवर मधोमध हात ठेवला. "बाबू, याच्या आत फुगा आहे. गाडी आदळली तं तो तुह्या छातीच्या आडवा येते. तो काढून तुले काय पायजे, सांग." पोरगा म्हणाला, दिसायला चांगलं दिसतं. "उद्या तू लोकायच्या छात्या तपासशीन अन् स्वतःची अशी उघडी ठेवतं?" त्या पोरानं शेवटी फक्त चाकांची अलाइनमेंट करून घेतली.

आता माझ्यावर येतो. गॅरेजसमोरच्या टपरीवर रिटायर झाल्यापासून माझी रोजची बैठक. मास्तर माणूस, चार लोक ऐकतात म्हटलं की जीभ सैल सुटते. नामदेव मांडीवर स्टेअरिंग घेऊन बसलेला दिसला की मी मोठ्यानं म्हणायचो, "नामा, एक दिवस गाडी रस्त्यावर अन् स्टेअरिंग तुह्या मांडीवर!" टपरी हसायची, तोही हसायचा. वर्षानुवर्षं मी हा एकच विनोद वापरला, आणि मला तो दर वेळी नवा वाटायचा. मागच्या उन्हाळ्यात मात्र एकदा तो हसला नाही. माझ्या बाजूला येऊन बसला आणि हळूच बोलला. "मास्तर, माह्यावर गंमत कर, माह्या टकलावर कर. कामावर नोको करू. लोकं तुह्यं खरं मानतेत." मी त्याच्या पाठीवर थाप मारली आणि आणखी दोन चहा सांगितले...

तो गेला त्याच दिवशी दुपारी माझ्या मोबाइलवर एक फोटो आला. गाडीच्या काचेतून काढलेला. चेहरा अर्धा कापलेला, पण मांडी आणि मांडीवरचं स्टेअरिंग स्पष्ट. म्हणजे कुणीतरी तिथं पोचलं आणि माणूस जिवंत आहे की नाही हे पाहायच्या आधी किंवा पाहिल्यावर लगेच, त्यानं खिशातून मोबाइल काढला. कुणी काढला हे मी शोधतो आहे, अजून कुणी कबूल होत नाही. चार गटांतून तोच फोटो मला चार वेळा आला. खाली लिहिलं होतं, "एक दिवस गाडी रस्त्यावर अन् स्टेअरिंग मांडीवर." माझं वाक्य! 'तुह्या' एवढाच शब्द गाळला होता. मी सकाळपासून ज्या खोटारड्याला शिव्या घालत होतो, त्याच्या तोंडात बोलणं माझं होतं. नामदेवनं मला स्पष्ट सांगितलं होतं आणि मी चहा मागवला होता.

स्टेअरिंगवर आरोपच करायचा असेल तर एक खरा आरोप आहे, तो करा. शेवटचे दोन-तीन महिने नामदेवचा डावा हात दुखायचा. खांद्यापासून बोटांपर्यंत. मी म्हटलं, दाखवून ये, दवाखाना तर तुझ्या रस्त्यावर आहे. तो म्हणाला, "स्टेअरिंगचं आहे ते, मास्तर. जड आहे ना, रग लागते." मला पटलं. मलाही मुंग्या आलेल्या होत्या, मग का नाही पटणार? त्याच्या बायकोला, शोभावहिनींना पटलं, मुलीला पटलं. छातीचं दुखणं त्या जड स्टेअरिंगच्या नावावर महिनोन्‌महिने खपत राहिलं आणि आम्ही कुणी उलटून विचारलं नाही. हजारो गाड्यांचं स्टेअरिंग थरथरलं की ते चाकातून येतं की सांध्यातून हे ज्याला बसल्याजागी कळायचं, त्याला स्वतःच्या हाताचं दुखणं कुठून येतं हे कळू नये, याचा मला त्याच्यावरही राग आहे. फार राग आहे. तो समोर असता तर मी त्याला गाठून बोललो असतो.

गॅरेज आता त्याची मुलगी शुभांगी पाहते. ती सहा वर्षं बापाच्या हाताखाली होती आणि वळणावर हात सैल सोडून पाहायची रीत तिला तशीच येते. पण तेराव्याच्या आधीच दोघे जण खड्ड्यावर चढवलेल्या गाड्या उतरवून घेऊन गेले. एका शाळेच्या गाड्या दर सुट्टीत इकडे यायच्या, त्यांनी यंदा दुसरीकडे नेल्या. ज्याचं स्वतःचंच स्टेअरिंग निघालं त्याच्या गॅरेजात लेकरांच्या गाड्या कशा द्यायच्या, असं त्यांचं म्हणणं. भेटायला आलेल्या एकानं तर शोभावहिनींच्या समोर, हातात त्यांच्याच घरचा चहा धरून, मी सांगतच होतो म्हणून मान हलवली. मी तिथंच त्याला हात धरून उठवला. वहिनी मध्ये पडल्या म्हणून तो फाटकातून चालत गेला.

मागच्या सोमवारी गॅरेजमध्ये गेलो. शुभांगी शिडी भिंतीला लावून खाली उभी होती आणि पाटीकडे पाहत होती. "काका," ती म्हणाली, "बोर्डावरचं 'स्टेअरिंग' खोडून टाकू काय? आत्याचे मिस्टर म्हणतेत, नुसतं हिवरे वर्क्स ठेव." मग मी तिला टपरीचं सगळं सांगितलं. माझा विनोद, तिच्या बापानं सांगितलेलं, फोटोखालचं वाक्य. ती हातातल्या फडक्यानं बोटं पुसत ऐकत होती. "मले माईत आहे, काका. टपरीचं सारं इकडं आयकू येते." माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मीही मागितलं नाही. मग फडकं शिडीवर टाकून म्हणाली, "तुमी पेपरात लिहिता ना. तं आता हे लिहा."

तेच लिहितो आहे. ते वाक्य माझं होतं, ते गमतीत होतं आणि ते खोटं होतं. नामदेव हिवरे यानं बसवलेलं स्टेअरिंग आयुष्यात एकदाही आपणहून निघालं नाही, दुसऱ्याचं नाही आणि त्याचं स्वतःचंही नाही. ज्याला शंका असेल त्यानं सावंगीच्या रस्त्यावर यावं. पाटी आहे तशी आहे, मी शिडी स्वतः उचलून आत ठेवली आहे. गाडी दारातच उभी आहे आणि स्टेअरिंग त्याच्या टेबलामागच्या खिळ्यावर अडकवलेलं आहे. वरच्या बाजूला त्याच्या अंगठ्यांनी दोन जागी काळं गुळगुळीत झालेलं आहे.

त्या दिवशी शुभांगीनं ते काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, लावून पाहा. मी गाडीत बसलो. सीट अजून त्याच्याच मापानं मागे सरकवलेली होती, माझे पाय नीट पोचेनात. स्टेअरिंग अडकवलं, कट्‌ असा आवाज आला. रस्त्यापलीकडून टपरीवरची माणसं पाहत होती. "दोनदा ओढा, काका," ती बाहेरून म्हणाली. मी ओढलं. मग दुसऱ्यांदा, दोन्ही पाय टेकवून, अंगात होता नव्हता तेवढा जोर लावून ओढलं. गाडी हलली, मी हललो... स्टेअरिंग हललं नाही.