बाहेर न गेलेली सिस्टर

संग्रामपूरच्या दवाखान्यात माझ्याबरोबर एक सिस्टर आहे. इंजेक्शन देताना ती प्रत्येकीला "झालं माय, झालं" म्हणते, सुई टोचायच्या आधीच. रविवारी आम्ही दोघी एकाच चर्चला जातो. जीव देवाने दिलेला, तो माणसाने काढू नये, असं ती मानते. म्हणून गर्भपात असला की ती खोलीबाहेर जायची. डॉक्टरही तिला अडवत नसत.

मागच्या साली वरवट बकालची एक बाई आली. पोटातल्या बाळाची कवटीच तयार झाली नव्हती. ते जगणार नव्हतं, म्हणून गर्भपात ठरला. टेबलावर पडल्या पडल्या तिने सिस्टरचा हात घट्ट धरला.

"मले सोडून जाऊ नका, ताई."

सिस्टर दाराकडे बघत राहिली, पण गेली नाही.

त्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजनाचं, म्हणजे येशूच्या आठवणीत वाटतात त्या भाकरीचं ताट आलं, तेव्हा तिने भाकर न घेताच ते माझ्याकडे दिलं. मनावर पाप असलं तर ती भाकर घेत नाहीत. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काऊन घेतली नाई वं?"

"माह्यासमोर लेकरू गेलं," ती म्हणाली. "अन् तिचा हात सोडणंही मले पापच वाटलं. देवाले काय सांगू, समजून नाई राह्यलं."

ती अजून भाकर घेत नाही.