देवपूरच्या वरातीत बिघडवलेले टायमिंग

तक्रारदार मी, राहणार जळगाव, कचेरीबाहेर टेबल टाकून लोकांचे अर्ज लिहिणारा. ज्यांच्याविरुद्ध तक्रार ते माझ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, राहणार देवपूर, धुळे. काळ, गेली लग्नसराई. साक्षीदार दोन: माझे वडील, म्हणजे आबा, आणि माझी पत्नी. नावे मुद्दाम लिहीत नाही. ज्याचे त्याला कळेल.

आबा भुसावळला रेल्वेत फिटर होते. त्यांची जुनी मोटारसायकल अजून आमच्या दारात आहे. तिचे टायमिंग, म्हणजे इंजिनात ठिणगी नेमकी केव्हा पडावी हे, त्यांनी कधी दुसऱ्याला बसवू दिले नाही. आता त्यांचे हात थरथरतात. तरी लग्नसराईच्या तोंडावर ते गाडीपाशी बसले. पिस्टन कुठवर आला हे कळावे म्हणून प्लगच्या भोकात घातलेली सायकलची तार पत्नीने धरली. ठिणगी सोडणाऱ्या दोन टोकांच्या, म्हणजे पॉइंटच्या, फटीत आबांनी सिगारेटच्या पाकिटातला पातळ कागद अडकवला. तो सुटला की पॉइंट उघडले. स्क्रू पुन्हा पुन्हा हातातून पडत होता. मी पुढे सरलो, तर म्हणाले, "तू अर्ज लिख. हाई तुन्हं काम नई शे."

दुपार गेली. गाडी पहिल्या किकेला सुरू झाली. आबा हात पुसत म्हणाले, "आते हाई मन्हा हातथीन पुन्हा व्हनार नई."

पुढच्याच आठवड्यात दाजींनी पुतण्याच्या वरातीसाठी गाडी मागितली. नवरदेव घोड्याऐवजी गाडीवर मिरवणार होता. जावयाला नाही म्हणण्याची आमच्यात रीत नाही. आबांनी किल्ली दिली.

लग्नानंतर मी गाडी आणायला गेलो. येताना पारोळ्याच्या पुढे तिने मान टाकली. इंजिन भट्टीसारखे तापले, सायलेन्सरचा पाइप निळा पडला. थांबत थांबत घरी आणली. आबांनी नुसता आवाज ऐकला आणि पाठ फिरवली.

मी फोन लावला. दाजी हसले. "अहो, वरातीत गाडी डुलत चालायला पाहिजे! मिस्त्रीकडून टायमिंग जरा मागे घेतलं, ठिणगी उशिरा पाडली. कसला ठोका पडत होता, बँडवाले थांबून ऐकत होते!"

"दाजी, ते आबांनी बसवलं होतं."

"मग काय झालं? कोणताही मिस्त्री पाच मिनिटांत बसवून देईल. का आता पॉइंटलाही तिकीट चिकटवून अर्ज करता, शालकसाहेब?"

होय, करतो. मिस्त्री बसवील, गाडी पळेलही. परंतु आबांच्या हातचे शेवटचे काम आपण चार घटकांच्या मिरवणुकीसाठी पुसून टाकलेत, आणि त्यावर हसलात. आबा म्हणतात, "जवाई शेतस, जाऊ दे." मी जाऊ देणार नाही.

तरी दाजींनी जळगावी यावे. जावई म्हणून पाटावर नव्हे, गाडीपाशी जमिनीवर बसावे. स्क्रू त्यांनी फिरवावा, कान आबांचा राहील. आबा "बस" म्हणेपर्यंत उठू नये. केव्हा येता, ते लेखी कळवावे. फोन मी घेणार नाही.